दररोज

(तृतीय वर्ष कला, मराठी विशेष)

परवा कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता माझ्या एका वर्गमित्राने सहज म्हटले, "तुमच्यात बरं असतं रे! एकदा बाप्तिस्मा झाला की झालं. आमच्यासारखे उपास नाहीत, वाऱ्या नाहीत, सोवळं-ओवळं नाही." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उद्या त्याची एकादशी होती आणि समोर गरम वडे आले होते, एवढेच. मी हसून वेळ मारून नेली. तासाची घंटा झाली, आम्ही उठलो. पण ते 'झालं' माझ्या डोक्यातून जाईना. खरेच, कधी झाले? काय झाले? गेली अडीच वर्षे मी घरी एक विषय शिकतो आहे. त्याला पुस्तक आहे, पण गाईड नाही. रोज परीक्षा आहे, पण निकाल लागत नाही. त्या मित्राला द्यायचे राहून गेलेले उत्तर या पानांवर देत आहे. ते थोडे लांबेल, त्याबद्दल क्षमा असावी.

माझा बाप्तिस्मा मी तान्हा असताना झाला. तेव्हा मी खूप रडलो, असे आई सांगते. सोळाव्या वर्षी दृढीकरण झाले. पण 'आपण ख्रिस्ताचे झालो' असे मला मनापासून वाटले ते २०२२ सालच्या मे महिन्यात, पाचगणीच्या तरुण शिबिरात. डोंगरावर देव लवकर भेटतो. थंड हवा, सिल्व्हर ओकची झाडे, गिटारवर गायिलेली भजने, आणि शेवटच्या रात्री शेकोटीभोवती झालेले समर्पण. "ज्यांना प्रभूच्या मागे जायचं आहे त्यांनी उभं राहावं," असे सांगितल्याबरोबर पहिल्या पाचांत मी उभा राहिलो. डोळ्यांतून पाणी वाहत होते. त्या क्षणी मला आफ्रिकेच्या जंगलात जा म्हटले असते तरी मी गेलो असतो. सबंध जगावर माझे प्रेम बसले होते.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी त्या जगातला एकच माणूस आमच्या घरी राहायला आला, आणि माझे प्रेम उंबऱ्यावरच अडले.

तो माणूस म्हणजे आमचे नाना. माझ्या वडिलांचे पाठचे भाऊ.

आमचे गाव राहुरी तालुक्यात आहे. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, २०२१ साली निवृत्त झाले. नानांनी आधी ट्रक चालवला, मग कांद्याच्या व्यापारात पडले. २०१४ साली त्यांनी एका पतसंस्थेकडून चार लाखांचे कर्ज काढले. जामीन म्हणून सही बाबांची. कांद्याचा व्यापार कसा असतो हे आमच्या भागात शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आज ज्या भावाने माणूस बंगला बांधण्याची स्वप्ने पाहतो, त्याच कांद्याला पंधरवड्याने गाडीभाडेही सुटत नाही. नाना बुडाले. बुडाले तर बुडाले, पण एके दिवशी कोणाला न सांगता निघून गेले. पत्ता नाही, फोन नाही. मग कायद्याप्रमाणे वसुली जामीनदाराच्या पगारातून सुरू झाली, ती २०१९ पर्यंत चालली.

या पाच वर्षांत घरात काय काय आले नाही, त्याची यादी मी देत नाही. एकच सांगतो. माझी ताई २०१५ साली बारावी झाली. तिला नर्सिंगला जायचे होते. गुण होते, प्रवेशाचे पत्रही आले होते. फी भरण्याच्या शेवटच्या तारखेला बाबा दिवसभर शाळेतच बसून राहिले, संध्याकाळी उशिरा घरी आले. ताईने काही विचारले नाही. तिने ते पत्र बायबलमध्ये घालून ठेवले आणि दुसऱ्या आठवड्यापासून शेजारच्या बाईंकडे शिवण शिकायला जाऊ लागली. तेव्हा मी लहान होतो, पण ते पत्र कोणी फाडले हे मला समजत होते.

आणि २०२२ च्या जूनमध्ये सुरतेहून फोन आला. नानांना अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती. खिशातल्या चिठोऱ्यावर बाबांचा नंबर होता. बाबा त्याच रात्री निघाले आणि तिसऱ्या दिवशी रुग्णवाहिकेतून त्यांना घेऊन आले. मी दारात उभा होतो. "पाय धर," बाबा म्हणाले. मी पाय धरले. आम्ही त्यांना पडवीच्या खोलीत नेऊन निजवले. ती माझी अभ्यासाची खोली होती.

रात्री मी बाबांना म्हटले, "यांनी आपल्याला काय केलं ते विसरलात तुम्ही?"

बाबा म्हणाले, "तो आजारी आहे. बाकीचं मागाहून बघू."

अर्धांगवायूच्या माणसाची सेवा हा शब्द ऐकायला गोड आहे. ती कशी असते ते थोडक्यात सांगतो. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला नि माकडहाडाला जखमा होतात. पाणीसुद्धा बेताने पाजावे लागते. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले असले की पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरतो, म्हणून पेज दाट करायची, माणसाला ताठ बसवायचे आणि चमचा चमचा भरवायचे. लुळा हात रोज हलवायचा, नाहीतर तो आखडून जातो. आणि भांडे द्यायचे, काढायचे, धुवायचे. आईचे गुडघे गेलेले, बाबांची पाठ धरलेली. तेव्हा पहाटेचा वाटा माझ्याकडे आला. सातच्या एस.टी.ने मला नगरला महाविद्यालयात यायचे असे. (आमचे अहमदनगर २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, पण तोंडातले 'नगर' काही जात नाही.) म्हणून पाच ते साडेसहा ही नानांची वेळ ठरली.

मी सारे करीत होतो. कोणी नावे ठेवावीत असे काही नव्हते. उलट मंडळीत माझे कौतुक होऊ लागले. "काय मुलगा आहे! चुलत्याचं इतकं कोण करतं?" असे लोक म्हणत, आणि मी नम्रपणे मान खाली घालीत असे. माझ्या मनात काय चालले आहे ते त्यांना दिसत नव्हते हे बरेच होते.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर कोणालाही सांगितलेली नाही.

डिसेंबरमधली पहाट होती. आमच्याकडे तेव्हा कडाक्याची थंडी असते. नानांचे अंग पुसायचे होते. पाणी तापवायला चूल पेटवावी लागली असती. गॅस संपत आला होता, तो आईने चहापुरता राखला होता. उशीर होत होता, हे खरे. पण ते खरे कारण नव्हते. मी रांजणातले पाणी घेतले, फडके बुडवले, आणि तसेच गार गार त्यांच्या उघड्या पाठीवर ठेवले. नानांचे निम्मे अंग थरारले, निम्मे तसेच राहिले. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. त्यांना बोलता येत नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले आणि फडके पुन्हा बुडवले.

दोन दिवसांनी रविवार होता. संडे स्कूलमध्ये मी मुलांना चांगल्या शोमरोन्याची गोष्ट शिकवली. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला, आणि परका शोमरोनी थांबला. मुलांनी गोष्ट छान ऐकली. एका लहान मुलीने विचारले, "दादा, तो माणूस शोमरोन्याच्या ओळखीचा होता का?" मी म्हटले, "नव्हता." ती म्हणाली, "मग सोपं होतं." सगळे हसले. मी मात्र घरी येईपर्यंत त्या एका वाक्यापाशीच होतो. अनोळखी माणसाच्या जखमेवर तेल ओतणे सोपे असते. त्याने तुमच्या ताईचे पत्र फाडलेले नसते.

त्या संध्याकाळी बाबा ओट्यावर तांदूळ निवडीत बसले होते. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो. गार पाण्याची गोष्ट सांगण्याचे धैर्य झाले नाही. मी निराळेच विचारले, "बाबा, तुम्ही नानांना माफ कसं केलंत?"

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. दोन-चार खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाले, "केलं असं नाही रे. करतो. रोज सकाळी उठलो की पहिल्यांदा राग येतो. तो झोपलाय त्या खोलीकडे बघितलं की येतोच. मग माफ करतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा राग तयार. कालची माफी आज पुरत नाही."

"आणि एखाद्या दिवशी नाही जमलं तर?"

"तर त्या दिवशी नुसतं त्याचं भांडं धुवायचं. भांडं धुवायला माफी लागत नाही."

बाबांनी आयुष्यभर चौथीच्या वर्गाला गणित शिकवले. व्यासपीठावरून बोललेले मी त्यांना कधी ऐकलेले नाही. पण त्या दोन वाक्यांनी पाचगणीची शेकोटी मला फार लांबची वाटू लागली.

त्या रात्री मी लूककृत शुभवर्तमान काढून बसलो. येशू म्हणतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारून आपला वधस्तंभ उचलावा. ही शिकवण मत्तयात आहे, मार्कात आहे आणि लूकातही आहे. मला ती पाठ होती. पण तिन्ही ठिकाणी बोट ठेवून वाचताना एक फरक दिसला. मत्तय आणि मार्क नुसते वधस्तंभ उचलण्याविषयी सांगतात. लूकाने मध्ये एकच शब्द जास्त घातला आहे: दररोज. मग पुढे चाळताना प्रभूच्या प्रार्थनेतही तेच आढळले. मत्तयाच्या प्रार्थनेत रोजची भाकर आज मागितली आहे. लूकाच्या प्रार्थनेत ती रोजच्या रोज मागितली आहे. पौलाच्या एका पत्रात लूकाला प्रिय वैद्य म्हटले आहे. परंपरेने शुभवर्तमान लिहिणारा तो हाच. माझी आपली एक समजूत झाली आहे की, वैद्य होता म्हणूनच त्याला हा शब्द महत्त्वाचा वाटला असावा. सगळ्या गोळ्या एका दिवशी घेऊन कोणी बरा होत नाही, हे वैद्याला ठाऊक असते.

मग जुन्या करारातल्या मान्न्याची गोष्ट आठवली. रानात इस्राएल लोकांना आकाशातून अन्न मिळे, ते त्या दिवसापुरतेच गोळा करायचे. कोणी उद्यासाठी साठवले तर त्यात किडे पडत. अपवाद फक्त शब्बाथाच्या आदल्या दिवसाचा. बाबांची 'कालची माफी आज पुरत नाही' ही गोष्ट हीच होती. पाचगणीहून मी भक्ती डब्यात भरून आणली होती. तिला आता वास येऊ लागला होता.

आपल्या विद्यार्थ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. नव्या करारात 'ख्रिस्ती' हा शब्द फक्त ३ वेळा आला आहे; अंत्युखियातल्या लोकांनी तो पहिल्यांदा वापरला. 'शिष्य' हा शब्द मात्र अडीचशेहून अधिक वेळा येतो. आणि त्यामागच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे शिकणारा, विद्यार्थी. म्हणजे ख्रिस्ती हे लोकांनी दिलेले नाव. विद्यार्थी हे खरे काम. एकदा प्रवेश घेतला म्हणून कोणी पदवीधर होत नाही, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार?

यंदा 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना हेच दिसले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे म्हणजे घराची फाटाफूट, माणसांचे बोलणे, आणि मग एकत्र राहूनही वेगळे सोवळे. त्यांचे सोवळे कोणा प्रवचनाने एका झटक्यात सुटले नाही. ते घरात, माणसांत, पाण्याच्या नि अन्नाच्या व्यवहारात हळूहळू गळून पडले. टिळक काही वर्षे आमच्या राहुरीतच राहत होते, याचा आम्हा राहुरीकरांना अभिमान आहे. पण हल्ली मला टिळकांच्या काव्यापेक्षा लक्ष्मीबाईंच्या त्या पाच वर्षांचे मोल अधिक वाटते. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचा आचारी होता. मठातल्या प्रार्थनेच्या वेळी देव जितका जवळ वाटतो तितकाच स्वयंपाकघरातल्या गडबडीतही वाटतो, असे त्याचे सांगणे. आपले सावता महाराज तरी पंढरीला कुठे गेले? मळ्यातच राहिले. या मंडळींचे धर्म वेगळे असतील, पण देवाला भेटण्याची त्यांची जागा एकच आहे: हातातले काम.

असो. सोमवारी पहाटे मी अर्धा तास लवकर उठलो, चूल पेटवली, पाणी तापवले. कोपर बुडवून पाहिले, जसे आई लहान मुलाच्या आंघोळीच्या वेळी पाहते. मग नानांचे अंग पुसले. त्यांनी डोळे मिटून घेतले. एवढेच. मला नाना आवडू लागले होते म्हणून मी पाणी तापवले असे कोणी समजू नये. तसे काही झाले नव्हते. फक्त पाणी गरम होते.

आधी प्रेम आणि मग कृती, असा माझा समज होता. शेकोटीने मला तसेच शिकवले होते. चुलीने उलटे शिकवले.

नानांच्या वाचेविषयी आता सांगायला हवे. झटक्यानंतर त्यांच्याजवळ दोनच शब्द उरले होते: "हो ना." भूक लागली, "हो ना." नाही लागली, "हो ना." दुखते का, "हो ना." मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली की पुष्कळदा असे होते, असे डॉक्टरांनी सांगितले, मनात शब्द असतात, पण हवा तो जिभेवर येत नाही. सुरुवातीच्या दिवसांत, एकदा घरात कोणी नसताना, मी त्यांच्या खाटेपाशी उभा राहून म्हणालो होतो, "नाना, माझ्या ताईचं आयुष्य तुम्ही वाया घालवलंत ना?"

"हो ना," नाना म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी आले. पण डॉक्टरांनी हेही सांगितले होते की अशा रुग्णांना कारण नसतानाही रडू येते. म्हणजे सहा-सात वर्षे मी ज्या कबुलीची वाट पाहत होतो ती मला मिळाली, आणि ती कबुली आहे की नाही हे मला कधीच कळणार नव्हते. त्या दिवशी मला जो संताप आला तो त्यांच्या पळून जाण्याचाही आला नव्हता. माफी मागायची होती तेव्हा हा माणूस पळाला, आणि आता परत आला तो अशी वाचा घेऊन!

आमच्या घरी रात्री जेवणापूर्वी कौटुंबिक प्रार्थना असते. 'उपासना संगीता'तले एखादे गीत, एक वचन, आणि शेवटी प्रभूची प्रार्थना. नाताळ जवळ आला तसे बाबा म्हणाले, "प्रार्थना नानाच्या खोलीत करू." आम्ही तिथे बसलो. आईने एक जुने भजन सुरू केले, आमच्या आजीच्या आवडीचे. दुसऱ्या कडव्याला आणखी एक आवाज मिसळला. घोगरा, अडखळता, पण चालीवर. नाना गात होते! नुसते गुणगुणत नव्हते, शब्दांसकट गात होते. आई गाता गाता थांबली. बाबांनी तिला हाताने खूण केली: चालू ठेव.

मग प्रभूची प्रार्थना आली, आणि नानांनी ती आमच्याबरोबर अथपासून इतिपर्यंत म्हटली. मत्तयाच्या प्रार्थनेत एक ओळ ऋणाविषयी आहे. आमची ऋणे सोड, जशी आम्ही आमच्या ऋणकऱ्यांची सोडली, अशा आशयाची. इतर काही भाषांत तिथे 'अपराध' म्हणतात. आपल्या मराठीत मूळ ग्रीकप्रमाणे 'ऋण' आहे. कर्ज बुडवून गेलेला माणूस, त्याचे कर्ज फेडलेला माणूस, आणि त्या कर्जाचा हिशोब मनात ठेवलेला मी, असे तिघे एका खोलीत बसून ती ओळ एका सुरात म्हणत होतो. बाबांचा आवाज हलला नाही. नानांचाही नाही. माझा मात्र बंद पडला.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना मुद्दाम विचारले. ते म्हणाले, यात नवल नाही. स्वतः जुळवून बोलायचे शब्द गेले तरी लहानपणी पाठ झालेली गाणी, प्रार्थना, आकडे, वार पुष्कळांचे शिल्लक राहतात. ते आपोआप येतात. त्यावरून वाचा परत आली असे समजू नका.

मी खट्टू होऊन घरी आलो. म्हणजे तेही पाठांतरच! ऋणाची ती ओळ नानांनी मनापासून म्हटली असे मी धरून चाललो होतो, आणि त्यावर माझ्या क्षमेची इमारत उभी करू पाहत होतो. एस.टी.त खिडकीशी बसून याचाच विचार करीत होतो. आणि मग एकदम लक्षात आले: माझे काय? माझा मेंदू तर धडधाकट आहे. मी ही ओळ समजू लागल्यापासून रोज म्हणतो आहे. एकदा तरी मनापासून म्हटली का? नानांना बोलता येत नाही म्हणून पाठांतर. मला बोलता येऊनही पाठांतरच. दोघांत अधिक लाचार कोण?

त्या रात्री मी ती ओळ सावकाश म्हटली. सगळी म्हणून झाली नाही. पण निम्मी तरी माझी होती.

येशूने पेत्राला सांगितलेला सातांच्या सत्तर पटींचा हिशोब आपण सर्वांनी ऐकलेला असतो. मला पूर्वी वाटे, हे चारशे नव्वद निरनिराळे अपराध असणार. आता वाटते, अपराध एकच असावा. तोच रोज पहाटे आठवतो, आणि तोच रोज पहाटे सोडावा लागतो.

पुढे २०२३ च्या नाताळाला ताई माहेरी आली. तिचे २०१९ साली लग्न झाले. ती तिकडे शिवणाचे क्लास घेते. नाना आल्यापासून ती घरी आली की पडवीकडे फिरकत नसे. मी तेव्हा बराच पुढे गेलो आहे असे मला वाटत असल्यामुळे तिला चार गोष्टी सांगायच्या ठरवून बसलो होतो. क्षमेवर माझी तयारी चांगली झाली होती, वचनेही काढून ठेवली होती. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ती पडवीच्या दारात जाऊन उभी राहिली. मी मागे होतो. ती बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "नखं किती वाढलीत त्यांची. लुळ्या हाताची नखं तळव्यात रुततात, तुला माहीत नाही?"

मला माहीत नव्हते. दीड वर्ष सेवा करीत होतो, आणि त्या मिटलेल्या मुठीकडे मी कधी पाहिले नव्हते.

ताई आत गेली. नेलकटर मागून घेतले. खाटेच्या कडेला बसून तिने नानांची आखडलेली बोटे एकेक करून अलगद उघडली आणि नखे कापली. तळव्यावर चार लाल चंद्रकोरी उमटल्या होत्या. त्यांना तिने खोबरेल लावले. मऊ फडक्याची गुंडाळी करून मुठीत दिली. या सगळ्यात ती नानांशी एक शब्दही बोलली नाही. त्यांनी "हो ना, हो ना" म्हटले. तिने उत्तर दिले नाही. उठून हात धुतले आणि आईला भाकरीला मदत करायला गेली.

तिने नानांना माफ केले की नाही हे मी विचारलेले नाही, आणि विचारणारही नाही. पत्र तिचे होते. तो हिशोब तिचा. पण जी नर्स व्हायची राहिली ती त्या दुपारी मला दिसली, आणि माझी सगळी वचने मी मुकाट्याने परत बायबलात घालून ठेवली. मी तिला शिकवायला निघालो होतो!

आता नाना थोडे बरे आहेत. धरून बसवले की बसतात. डाव्या हाताने चमचा धरतात, निम्मे सांडते. शब्द अजून दोनच. दर बुधवारी मी त्यांची दाढी करतो. गालावर वस्तरा यायच्या आधी ते आपण होऊन गाल फुगवतात, म्हणजे मला सोपे जावे. डाव्या बाजूला जमते. उजवीकडे गाल फुगत नाही, तेव्हा डाव्या हाताने ते तो ताणून धरतात. या मदतीची मी आता वाट पाहत असतो. हे प्रेम आहे का, मला सांगता येणार नाही. पाचगणीला मला जे वाटले होते त्याच्याशी याचे साम्य नाही. तिथे डोळ्यांतून पाणी आले होते. इथे साबणाचा फेस असतो, आणि एस.टी. चुकण्याची धास्ती. काही पहाटे अजूनही अशा येतात की खोलीचे दार उघडताच जुना राग पुढे येऊन उभा राहतो. त्या दिवशी मी बाबांनी सांगितलेले करतो. भांडे धुतो.

आणि गार पाण्याची ती गोष्ट? ती मी नानांना सांगितली. म्हणजे त्यांना ठाऊकच होती. पण मी बोलून दाखवली. मागल्या पावसाळ्यात, दाढी करता करता. "नाना, त्या थंडीत मी मुद्दाम गार पाण्यानं अंग पुसलं होतं. चुकलं माझं." त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हो ना."

त्याचा अर्थ काय घ्यायचा, हे आता माझ्यावर सोपवलेले आहे.

तर मित्रा, तू म्हणालास, एकदा बाप्तिस्मा झाला की झालं. तसे नाही रे. तेव्हा फक्त शाळेत नाव घातले गेले. शिकणे अजून चालू आहे, आणि मी काही वर्गातला हुशार विद्यार्थी नाही. तुझी एकादशी महिन्यातून दोनदा येते. माझी रोज पहाटे पाच वाजता येते. आता लेख पुरा करतो. चुलीपाशी सरपण आणून ठेवायचे राहिले आहे, आणि रात्रीतून पाऊस आला तर ते भिजेल.